काढाही पाण्यातच मोजायचा

मी झाडपाल्याची वैरी नाही, हे आधीच सांगते. पण माझ्या बाबांच्या हृदयावर कोणी अंदाजपंचे प्रयोग केलेले मी खपवून घेणार नाही.

बाबांचं हृदय थकलंय, पंपिंग कमी पडतं. यवतमाळच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, पाणी मोजून प्या. रोज सकाळी मी बाटली भरून ठेवायची, दिवसभरात तेवढंच. चहासुद्धा त्यातून वजा. इतकी मी कडक! अन् त्याच घरात, बोरी अरबच्या आत्यानं आणलेल्या अर्जुनाच्या सालीचा काढा दुधापाण्यात उकळून दिवसातून तीनदा, पेला भरभरून चालला होता. तो कोणीच मोजला नाही. मीही नाही. औषध ते औषध, पाणी ते पाणी, असंच आमच्या डोक्यात.

पहिले आठ दिवस बाबा खूश. "मले हलकं वाटून राह्यलं," म्हणायचे. मग पाय चपलेत जाईनात. न्हाणीपर्यंत गेले तरी धाप लागायची.

आत्या म्हणाली, "गोळ्यायनंच सुजला तो. बंद कर त्या, काढा वाढव."

मी बाबांना घेऊन थेट डॉक्टरांकडे गेले. काढ्याचं सांगितलं, पेलासुद्धा काढून दाखवला. ते हसले नाहीत, चिडलेही नाहीत. म्हणाले, अर्जुनावर अभ्यास झालेत, काही आशा वाटावी असेही. पण लहान लहान. त्यांच्या जोरावर गोळी सोडता येईल असा पुरावा नाही. आणि पोटात गेलेला प्रत्येक घोट पाणीच. तूर्त काढा बंद, लघवीची गोळी वाढवा.

घरी आत्या उसळली. "आपल्या बापजाद्यायनं काय येडेपणा केला का? कालची पोरगी मले शिकवते!"

"हो, शिकवते," मी म्हटलं. "बापजाद्यायचं मले माहीत नाही. माह्या बापाचं माहीत हाय."

तिचा हात धरला, तिचंच बोट बाबांच्या नडगीवर दाबलं. खड्डा पडला, तो लवकर भरून येईचना; आत पाणीच साचलं होतं. आत्या त्याच्याकडे पाहतच राहिली. भावासाठी स्वतःच्या हातानं साल कुटणारी बाई ती, ढसाढसा रडली. मलाही रडू आलं, कारण बाटली भरणारी मीच होते.

डोळे पुसले आणि तिच्या देखत बाबांना गोळी दिली.