फ्यूजच्या जागी बागेतली तार

द्वारका चौकाजवळ माझे कार ऑडिओ दुरुस्तीचे दुकान होते, तेव्हाची ही गोष्ट. मोबाइल अजून प्रत्येकाच्या खिशात आला नव्हता. एका दुपारी दिंडोरीकडचे द्राक्षबागाईतदार भाऊसाहेब जीपमधला अॅम्प्लिफायर घेऊन आले.

"नाना, वडिलांचं वर्षश्राद्ध आलंय. याच्यावर भजनं लागली पाहिजेत. आणि हा कुणामुळं जळला, ते तुम्ही चार माणसांत सांगायचं."

रोख धाकट्या भावावर, अशोकवर होता. त्याने मोठ्या आवाजात गाणी लावली आणि आतून धूर निघाला. त्यानंतर वडील, म्हणजे आबा, आजारी पडून गेले... दवाखान्याच्या फेऱ्यांत त्यांना जीपमध्ये भजन ऐकता आले नाही. तेव्हापासून दोघा भावांत बोलणे नव्हते.

मी म्हणालो, "उघडून पाहिल्याशिवाय मी कोणाला दोष देत नाही." माझे शिक्षण चौथीपर्यंतचे, परंतु हा नियम मी कधी मोडला नाही.

टेबलावर बॅटरी थेट न जोडता मी मध्ये हेडलाइटचा बल्ब ठेवीत असे. आत शॉर्ट असेल तर बल्ब पेटून राहतो आणि उरलेले पार्ट वाचतात. बल्ब पेटला, तो पेटलेलाच राहिला... पॉवर सप्लायचे ट्रान्झिस्टर गेले होते. एकाखालचा, वीज अडवणारा अभ्रकाचा तुकडा जीपच्या हादऱ्यांनी तडकला होता.

एवढ्याने फ्यूज उडून, धूर निघण्याआधीच वीज बंद व्हायला हवी होती. म्हणून मी फ्यूजचे झाकण काढले. आत फ्यूज नव्हताच. द्राक्षवेल बांधायची तार पिळून बसवलेली होती.

"बघा! हा बी उद्योग त्याचाच. लय शहाणा!" भाऊसाहेब म्हणाले.

मी तार चिमट्याने काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. तिचे टोक आत वळवून दाबलेले होते. भाऊसाहेबांनी त्यावर अंगठा फिरवला.

"टोक असं आबाच वळवायचे," ते हळू म्हणाले. "बांधणीच्या बायांना टोचू नये म्हणून. आमच्यात दुसरं कुणी वळवत नाय."

मग त्यांनी दुकानातल्या फोनवरून घरी फोन लावून अशोकला बोलावून घेतले.

तो आला तेव्हा मी नवे ट्रान्झिस्टर बसवीत होतो. भाऊसाहेबांनी तार पुढे केली. अशोकने ती पाहिली, हातात मात्र घेतली नाही.

"माहीत होतं मला. फ्यूज सारखा उडायचा, म्हणून आबांनी बसवली."

"मग बोलला का नाहीस रे?"

"आबा आजारी होते, दादा. त्यांचं नाव कशाला घ्यायचं? खपून गेलं माझ्या नावावर..."

भाऊसाहेबांनी आपले स्टूल अशोककडे सरकवले. मी बॅटरी जोडली. बल्ब क्षणभर उजळला आणि विझला.

"विझला की, नाना!" दोघे एकदमच म्हणाले.

"विझायलाच हवा. आता आत शॉर्ट नाही."

फ्यूजच्या जागी मी फ्यूजच बसवला. तार भाऊसाहेबांनी खिशात ठेवली.

वर्षश्राद्धाला मी गेलो. भजन लागले होते. चार माणसांत मला काहीच सांगावे लागले नाही... पंगतीत मात्र दोघा भावांनी मला आपल्या मध्ये बसवले. पुढे पुष्कळ अॅम्प्लिफायर दुरुस्त केले, परंतु तेवढा मान मला कोणत्याही कामाने दिला नाही.