अनंताला केलेला आग्रह

माझ्या सासूबाईंचा हातगुण आमच्या मनवेलपाड्याच्या बिल्डिंगमध्ये प्रसिद्ध होता. कुणीही नवीन रोप आणलं की आधी आमच्या दारात यायचं, "आजी, तुमच्या हाताने लावून द्या." त्या नायगावकडच्या, खाडीकाठच्या शेतकरी घरातल्या. शेत विकलं गेलं, सासरे गेले, आणि लेकाच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये त्यांच्या वाट्याला एक खिडकीची जाळी आली. त्या जाळीत, कुंडीत, त्यांनी अनंत वाढवला होता. तो फुलला की जिन्यापर्यंत घमघमाट सुटायचा आणि त्या दिवशी त्या उगाचच दार उघडं ठेवायच्या.

मी देशावरची. आमच्याकडे माया ताटात दिसावी लागते. पाहुणा पानावर आडवे हात धरतो आणि आपण त्या हातांच्या फटीतून पोळी सरकवतो. लग्न होऊन चार वर्षं झाली तरी घरातलं माझं असं काही सासूबाईंनी वाखाणलं नव्हतं, आणि ते मला खुपत होतं.

त्या साली जिन्यात पाय घसरून त्यांचं मांडीचं हाड मोडलं. लिफ्ट नव्हती, म्हणून दवाखान्यातून त्यांनी थेट ठाण्याला, नणंदेच्या तळमजल्यावरच्या घरी जायचं ठरलं. खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी मला अनंत सोपवला.

"बोअरच्या पान्याने त्याची पानं पिवली पडतात," त्या म्हणाल्या. "पंधरा दिवसांनी एक तांब्या ताकाचं पातल पानी घाल. खत नको. जास्ती खायला घालू नको गो त्याला."

महिन्याभरात पानं पिवळी पडलीच. पंधरा दिवस थांबायचा धीर मला कुठला? मी रोज घट्ट ताक ओतायला लागले. चहाचा चोथा घातला, केळीच्या साली घातल्या. स्टेशनजवळच्या नर्सरीतून पांढऱ्या दाण्यांचं खत आणलं. विकणाऱ्याने महिन्यातून एकदा चिमूटभर सांगितलं होतं. चिमूटभराने कुणाचं पोट भरतं, असं म्हणून मी दर चार दिवसांनी चमचाभर घातलं. पानांच्या कडा करपल्या तेव्हा मला वाटलं, अजून भूक आहे. मग दोन चमचे.

दर रविवारी ठाण्याहून फोन यायचा. पायाचं दोन वाक्यांत उरकून त्या विचारायच्या, "अनंत कसा हाय?"

"छान आहे," मी म्हणायचे. एकदा तर, "कळ्या धरल्यात," असंही सांगितलं. त्या वेळी झाडावर सहा पानं होती.

मातीवर पांढरा थर आला. बुरशी असेल म्हणून त्यातलं ढेकूळ पुडीत बांधून मी नर्सरीत नेलं. त्या माणसाने बोटाने चुरून पाहिलं, वास घेतला. "बाई, हे खताचं मीठ. मुळं भाजली. वर ताकही रोज घालता होय? माती आंबली. सुरुवातीला चार दिवस नुसतं पाणी सोडून धुतली असती तर वाचलं असतं."

हे तर मी घरीच ऐकलेलं होतं. खाडीकाठच्या शेतात उन्हाळ्यात मीठ वर येतं, मग पावसाचं पाणी खाचरात कोंडून सोडून द्यायचं, माती धुवायची आणि मगच पेरायचं, हे सासूबाई भाजी निवडताना कितीदा सांगायच्या. फोनवर एकदा खरं बोलले असते तर त्यांनी ठाण्याहून तो अनंत वाचवला असता.

त्या यायच्या आदल्या दिवशी मी कुंडीतला पांढरा थर खरवडून काढला. एका नजरेत त्यांनी ओळखलं असतं. दुसऱ्या दिवशी दोघांनी खुर्चीत बसवून त्यांना वर आणलं. वर येताच त्या खिडकीकडे गेल्या, काठी टेकत. वाळकी काडी त्यांनी नखाने सोलून पाहिली.

"तुम्ही सांगितलं तेवढंच केलं," मी म्हणाले. "अचानकच वाळला."

मला वाटलं होतं, चिडतील. त्यांनी सोललेली साल कुंडीत टाकली. मग म्हणाल्या, "मीच ताक घालायला सांगलं. माजाच अंदाज चुकला असंल. तू नको वाईट वाटून घेऊ."

तेव्हा बोलायला हवं होतं. मी चहा टाकायला आत गेले.

त्यानंतर शेजारच्या रोपं घेऊन आल्या की त्या हात पदराखाली घ्यायच्या. माझा हात आता चांगला नाय, म्हणायच्या. चार-पाच वर्षांनी माझ्या मुलीला शाळेतून मोगऱ्याचं रोप मिळालं. ती धावत आजीकडे गेली. "तुज्या आयशीला सांग लावायला," त्या म्हणाल्या, "माज्या हातून जलेल." मी ओट्यापाशी उभी होते, सगळं ऐकत होते. नवरा बाजारात गेला होता. घरात आम्ही तिघीच होतो. याहून सोपी वेळ पुन्हा येणार नव्हती. "आण इकडे," एवढंच मी म्हणाले आणि रोप लावलं. यावेळी खत घातलं नाही, ताकही मोजून घातलं.

मोगरा लागला. पहिली ओंजळभर फुलं निघाली तेव्हा सासूबाईंनी ती परडीत घेतली, काठी टेकत शेजारी दोन्ही दारांत नेऊन वाटली आणि सांगितलं, "माजा हात गेला, पन सुनेचा चांगला हाय. आता रोपं तिच्याकडे आना."