लॉरेन्सबाबचं स्टूल

१९८८ साली मी चौतीस वर्षांचा होतो, आणि कुवेतमध्ये माझ्यासारखा सुतार नाही असं मला वाटायचं. अजूनही वाटतं. तिथल्या फिंतास भागातल्या एका हॉटेलात गोव्याचा लॉरेन्सबाब पियानोवर जॅझ वाजवायचा. त्याला बसायला मी सागवानी स्टूल करून दिलं. भर दुपारी रिकाम्या हॉलमध्ये नुसता पॉलिशचा वास भरला होता. तो बसला, दोन सूर वाजवले आणि जरा डुगडुगला.

"मिस्त्री, एक पाय आखूड झालाय रे."

"पाय बरोबर आहे. तुमची जमीन वाकडी."

त्याने माझ्याकडे पाहिलं, हसला, पुठ्ठ्याची घडी पायाखाली सरकवली आणि वाजवायला लागला. मला त्या संगीतातलं काही कळत नाही, तरी हत्यारं गोळा करायची सोडून मी उभाच राहिलो.

परवा त्याच्या शोकसभेत स्टेजवर तेच स्टूल होतं. पॉलिश कधीच उडून गेलेलं, पुठ्ठा मात्र पायाखाली. त्याचा ड्रमवाला सांगत होता, "बाब जाईल तिथे हे स्टूल न्यायचा. आम्ही म्हणायचो, नवीन घे. तर म्हणायचा, स्टूल चांगलं आहे, जमीनच वाकडी." लोक रडता रडता हसले. माझी मान वर होईना. इतकी वर्षं त्याने माझी चूक झाकली, आणि त्याच्या तोंडावर ती कबूल करायची माझी वेळ गेली.

स्टूल ड्रमवाल्याने घरी नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेप घेऊन तिथे गेलो, त्याच्यासमोर चारही पाय मोजले आणि म्हणालो, "हा दोन सूत आखूड आहे. मीच कापलाय."