क्रीडासाहित्य वाटपाचा कार्यक्रम

आमच्या शाळेला मैदान होतं. वाकडकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, चांगलं ऐसपैस, लाल मातीचं. मग एका पुढाऱ्याला शाळेसाठी काहीतरी करावंसं वाटलं आणि त्याने त्यावर पेव्हर ब्लॉक बसवून दिले. पावसात चिखल होतो म्हणे. आता चिखल होत नाही आणि कुणी पळतही नाही, कारण पडलं की गुडघा फुटतो. गाड्या मात्र छान लागतात. मीही माझी स्कूटर तिथेच लावते.

या पालिकेच्या शाळेत मी बरीच वर्षं शिकवते. शिकवते म्हणजे फोटो काढते. झाड लावलं, काढा फोटो. हात धुतले, काढा फोटो. फोटो ग्रुपवर पडला की उपक्रम झाला. मुलांना त्यातून काय आलं, हे विचारायला अजून तरी कुणी फिरकलेलं नाही.

त्या वर्षी माझ्या सातवीच्या वर्गात लातूरकडची एक मुलगी होती. आईवडील दोघंही चाकणला कंत्राटी कामावर, दोघांच्या शिफ्टा वेगवेगळ्या. वाढत्या वयाची पोर खोलीत एकटी राहते म्हणून सातवी झाली की तिला गावी चुलत्याकडे धाडायचं, असं बापाने ठरवलेलं. गावात शाळा सातवीपर्यंतच. म्हणजे तिचं शिक्षण तिथेच संपणार होतं, आणि ते तिलाही कळत होतं.

पण ती पळायची. अशी पळायची, की मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा फोटो काढायचं विसरले. आंतरशालेय स्पर्धेत शंभर मीटरला पहिल्या दोघींना निवासी क्रीडा शाळेच्या निवड चाचणीला बोलावतात. तिथे राहणं, जेवण, शाळा, सगळं एकाच ठिकाणी. मी बापाला बोलावून समजावलं. तो हातातली टोपी चुरगाळत म्हणाला, "नंबर आला तर राहू द्या म्याडम. न्हाई आला तर मग मी घिऊन जातो गावाकडं."

सरावाला जागा कुठली? शाळेमागच्या सोसायट्यांच्या रस्त्यावर ती सकाळी पळायची. चार दिवसांत वॉचमनने हाकललं. रहिवाशांच्या चालण्यात व्यत्यय येतो म्हणे. त्यांची कुत्री पळाली की तो व्यायाम, आमची पोर पळाली की उपद्रव! मग आमच्या शाळेतल्या मावशींनी, त्या इथल्या जुन्या गावातल्याच, आपल्या दिरांचं रिकामं वावर दाखवलं. "हितं पळ गं बाई. बिल्डर येईस्तवर कोन काय म्हनत न्हाई," त्या म्हणाल्या.

आणि मग एक कंपनी आमच्यावर प्रसन्न झाली. ती शाळेला क्रीडासाहित्य देणार होती. कंपनीच्या साहेबांना सवड होती ती नेमकी स्पर्धेच्या दिवशी. मी मुख्याध्यापकांकडे गेले. म्हटलं, "सर, त्या दिवशी स्पर्धा आहे."

"बाई, स्पर्धा दरवर्षी येते. कंपनीचा सीएसआर निधी दरवर्षी येतो का?"

खेळाचं सामान घेण्यासाठी खेळाडूला स्पर्धेला पाठवायचं नाही, हे डोकं फक्त आमच्याच खात्यात चालतं. शिवाय स्वागताला लेझीम हवी आणि लेझमीत सगळ्यात पुढे हीच मुलगी. पाहुण्यांच्या स्वागताशिवाय आमच्याकडे खेळाचा तास होत नाही. या वेळी तो पंधरा दिवस, रोज दोन-दोन तास झाला. सर म्हणाले, "नऊला पाहुणे येतील, साडेनऊला तुम्ही मोकळ्या." शर्यत अकराला होती. मी मान डोलावली.

नऊला पाहुणे आले नाहीत. दहाला निरोप आला की चाकणच्या चौकात अडकलेत. मुलगी नऊवारीत, लेझीम हातात धरून माझ्याकडे बघत होती. स्कूटर दहा पावलांवर उभी होती. तिला मागे बसवायचं आणि निघायचं, एवढंच तर होतं. मी सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "ती गेली की पथक मोडेल." आणि मी तिथेच बसून राहिले. का, तर माझा वार्षिक गोपनीय अहवाल सरच लिहितात.

पावणेबाराला पाहुणे आले. लेझीम झाली. साहेबांनी मुलांना मोठी स्वप्नं बघायला सांगितलं. मग आमच्या मुलीच्या हातात बुटांचा खोका देऊन फोटो काढला आणि कौतुकाने विचारलं, "बेटा, तू कोणता खेळ खेळतेस?"

ती म्हणाली, "पळते. आज शर्यत होती."

साहेब म्हणाले, "व्हेरी गुड!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मीही वाजवल्या.

नंतर तिला घेऊन मी स्पर्धेच्या मैदानावर पोचले तेव्हा एक पंच रेषा आखायच्या फक्कीची पोती आवरत होते. वरातीमागून घोडं! त्यांनी तीनदा नाव पुकारलं होतं म्हणे. मी काहीबाही बोलत होते, तेवढ्यात मुलगीच म्हणाली, "सर, एकटीच पळून दाखवू का?" पंच भला माणूस. नोंद होणार नाही म्हणाले, पण खिशातून घड्याळ काढलं. ती काष्टा खोचून, अनवाणी, पुसट झालेल्या रेषांमधून शंभर मीटर पळाली. पंचांनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी वेळ विचारली तर म्हणाले, "राहू द्या मॅडम. सांगून आता काय उपयोग?"

बूट दुसऱ्याच दिवशी कपाटात गेले, कारण खात्याची तपासणी होईपर्यंत वापरायचे नाहीत. तसेही सगळे एकाच मापाचे होते, पोरींचे नव्हे, बाप्यांच्या पायाचे. फोटोचा फ्लेक्स मात्र फाटकावर लागला. त्यात ती खोका धरून उभी आहे, आणि खाली लिहिलंय की आमची शाळा खेळाडू घडवते.

वार्षिक परीक्षा झाली आणि बाप दाखला न्यायला आला. मुलगी बाहेर फाटकापाशी, बरोब्बर त्या फ्लेक्सखाली थांबली होती. आत आली नाही. मी दाखला लिहायला घेतला. बाप मात्र हात जोडून उभा. "म्याडम, तुमी लई केलं पोरीसाठी. तिच्याच नशिबात नव्हतं."

तेव्हा तरी मला खरं सांगता आलं असतं. "दादा, नशीब नव्हे, मी बसून राहिले," एवढंच म्हणायचं होतं. नाही म्हटलं. मान खाली घालून रकाने भरत गेले. शेवटी 'शाळा सोडण्याचे कारण' हा रकाना आला. तिथे मी दरवेळी लिहिते तेच लिहिलं, सुवाच्य अक्षरात: पालकांच्या विनंतीवरून.