ट्रॅक्टरवर आत्या

आधीच सांगून टाकते, मी आत्याच्या बाजूची आहे. काकांचं कौतुक ऐकायचं असेल तर जरा दम धरावा लागेल.

आत्याचा जीव गाईंत. घरामागे उताराचं मोठं कुरण आहे, आणि त्यात वेडी बाभूळ अशी माजते की एक वर्ष दुर्लक्ष केलं तर गवत दिसेनासं होतं. त्यामुळे दरवर्षी ती उपटायची. या कामाची वाटणी लग्नानंतर पहिल्याच वर्षी झाली ती कायमची. आत्याचे यजमान, म्हणजे आमचे काका, ट्रॅक्टरवर आणि आत्या जमिनीवर. तिने पालथं पडून झुडपाखाली सरपटत शिरायचं, बुंध्याला साखळी बांधायची, बाहेर येऊन हात हलवायचा. मग काकांनी ओढायचं. ट्रॅक्टर इतका जुना की त्याचा मूळ रंग कोणता यावर घरात दोन मतं आहेत. पण काकांनी तो तळहाताच्या फोडासारखा जपला. दुसऱ्या कुणी स्टिअरिंगला हात लावलेला त्यांना खपायचा नाही. आणि वर बसल्या बसल्या त्यांचं एकच पालुपद, "अगं, साखळी बांधतेयस की झोप काढतेयस?"

आत्या बाहेर यायची तेव्हा केसांत काटे, दंडावर ओरखडे. काकांच्या शर्टाची इस्त्रीसुद्धा मोडलेली नसायची. मला लहानपणीही याचा राग यायचा, आणि आत्या मात्र हसायची.

गेल्या वर्षी काकांचा डावा गुडघा गेला. डॉक्टरांनी क्लच दाबायला साफ मनाई केली, काम राहून गेलं आणि बाभळीने कुरण गिळलं. एका गाईच्या सडाला काटा लागला, जखम चिघळली. झालं, माझा आतेभाऊ शहरातून धावत आला.

"आई, पुरे आता," तो म्हणाला. "गाई दूधवाल्याला देऊन टाकू आणि तुम्ही दोघं माझ्याकडे चला."

पोरगा मनाने वाईट नाही. पण चौथ्या मजल्यावर आत्या सकाळी उठून करणार काय, हा प्रश्न त्याच्या मनाला शिवला नव्हता. काकांनी तर परस्पर मान डोलावली. त्या घरात कुठलाही निर्णय काकाच घेत, आत्याला तो जेवताना कळे.

आत्याने ताट बाजूला सारलं. "कुरण साफ झालं तर?"

"कोण करणार?"

"आम्ही."

आतेभावाला हसू आलं. महिनाअखेरीला येतो, तोवर कुरण साफ झालं तर पुन्हा हा विषय काढणार नाही, नाहीतर गाई द्यायच्या, असं ठरवून तो गेला. तोवर गाई शेजाऱ्यांच्या गोठ्यात राहणार होत्या. आत्याने मला फोन केला. मलाही सुट्टी होती, मी बॅग भरली.

दुसऱ्या दिवशी आत्या सरळ ट्रॅक्टरवर चढून बसली. काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"तुला येतं का चालवायला?"

"इतकी वर्षं खालून तेच तर बघतेय."

"आणि साखळी कोण बांधणार?"

"गुडघा वाकत नाही ना तुमचा? पालथं पडायला गुडघा कुठे वाकवावा लागतो?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी लगेच फांद्या गोळा करायला लागले.

क्लच फार जड होता. आत्या सीटवरून अर्धी उठून सगळं वजन पायावर टाकायची. पहिल्यांदा तिने तो असा सोडला की ट्रॅक्टरने नाक उचललं आणि काकांनी अख्खं कुरण डोक्यावर घेतलं. पण दुपारपर्यंत तिचा हात बसला. आणि काका? काका तर सुसाट. पोतं अंथरायचं, सरपटत आत, साखळी गुंडाळायची, बाहेर. "बघितलंस? याला म्हणतात काम! उगाच तासन्‌तास आत बसायचं नाही!" अंगभर काटे टोचत होते, पण फुशारकीपुढे त्यांना ते जाणवत नव्हते. आत्याचा सगळा जीव क्लचमध्ये, ओढलेलं झुडूप मागे वळून बघायला तिला फुरसत नव्हती. आठवड्याभरात वरचा अर्धा उतार मोकळा झाला. मलासुद्धा क्षणभर वाटलं, आत्या खरंच झोप काढत असेल.

मग एका सकाळी चहाचा कप हातात घेऊन आम्ही वर गेलो, तर मोकळ्या उतारावर हिरवे कोंब. एक-दोन नाही, जिथे जिथे झुडूप होतं तिथे तिथे.

आत्या खाली बसली. एका कोंबाभोवतीची माती तिने बोटांनी उकरली. आत मुळाची जाड गाठ शाबूत होती.

"साखळी कुठे बांधत होता?"

"बुंध्याला. कुठे म्हणजे?"

"जमिनीच्या वर?"

काकांनी मान डोलावली.

"अहो, माती उकरून या गाठीच्या खालून घ्यावी लागते. नाहीतर वरचं तुटतं आणि खालचं फुटतं. मी आत खुरप्याने काय करत होते, असं वाटायचं तुम्हाला?"

"तू कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत."

ती हे चिडून बोलली नाही. मी असते तर तो कप भिरकावला असता. काका खाली गेले आणि खुरपं घेऊन आले.

उतार पुन्हा पहिल्यापासून धरला. आता काका आत शिरले की बाहेर यायचं नाव घेत नसत. दिवस भराभर संपत होते. मी वरून हाका मारायचे, "काका, आवरा!" तर आत्या मला गप्प करायची. संध्याकाळी ती त्यांच्या पाठीतले काटे काढत बसायची आणि ते म्हणायचे, "दुखत नाही गं फार." दुखत होतं. पण मला खोटं वाटेल इतके ते दोघं त्या दिवसांत खुशीत होते.

महिनाअखेरीला आतेभाऊ आला तेव्हा खालचा कोपरा उरलेला होता. त्याने सगळीकडे नजर फिरवली. मोकळा उतार पाहून तो चकित झाला, हे मी पाहिलं. पण शब्द तो शब्द.

तो झुडपाशी वाकला. आतून काकांचे फक्त पाय दिसत होते.

"बाबा, कोपरा राहिलाय. दूधवाला दुपारी येतोय. काय करायचं, सांगा."

आत खुरप्याचा आवाज थांबला.

"मला काय विचारतोस?" काका म्हणाले. "मला या घरातलं काही माहीत नव्हतं, हे मला आता कळतंय. वर बसलीय तिला विचार."

आतेभाऊ ट्रॅक्टरपाशी गेला. आईशी बोलायला त्याला मान वर करावी लागली. त्याने तोंड उघडलं, पण विचारायचं कसं ते त्याला सुचेना. आत्याने इंजिन बंद केलं.

"कोपरा संध्याकाळपर्यंत होईल," ती म्हणाली. "दूधवाल्याला येऊ नको म्हणून कळव. आणि जा, शेजाऱ्यांकडून गाई घेऊन ये. सावकाश आण, एक गाभण आहे."

तो गाई आणायला गेला.