बंड्या दिसेनासा झाला तेव्हा

१९९८च्या नोव्हेंबरात, एका मंगळवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास, शेजारणीचा कुत्रा माझ्या उजव्या पोटरीला चावला. जागा: इस्राएलमधलं किर्यात मलाखी, आमच्या इमारतीचा तळमजला, जिन्याखालची मोकळी जागा. दोन दातांच्या खुणा होत्या. एक वरवरची, दुसरी खोल.

कुत्र्याचं नाव बंड्या. मालकीण हन्नामावशी, वय पंचाहत्तरच्या पुढे, मूळच्या रेवदंड्याकडच्या, एकट्या राहणाऱ्या. आदल्या दिवशी आमच्याकडे मलिदा, म्हणजे प्रार्थना करून गोड पोहे आणि फळं वाटायचा विधी, झाला होता. मुलगी ओरली लष्करातून सुखरूप सुटली तर एलियाहू हान्नावी या संदेष्ट्याच्या नावाने मलिदा करीन, असा माझा नवस होता. गुडघ्यांमुळे मावशींना तिसरा मजला चढता आला नाही, म्हणून त्यांच्या वाट्याचे गोड पोहे आणि फळं मी ताटात घालून खाली नेली. बंड्या जिन्याच्या कठड्याला बांधलेला होता आणि खात होता. माझा पाय त्याच्या वाडग्यावर पडला.

मावशी बाहेर आल्या. त्यांनी आधी ताट हातात घेतलं, मग कुत्र्याला ओरडल्या, मग माझा पाय पाहिला.

"अगो रेचल, जेवणावर पाय पडला गो तुझा. तो काय जाणून चावला?"

त्यांनी मला आत बसवलं आणि जखमेत हळद व चुना दाबून भरला. रेवदंड्याला असंच करत, आमच्या मुंबईच्या घरीही असंच करत. मी नको म्हटलं नाही. मग आम्ही दोघींनी तिथेच बसून मलिदा खाल्ला.

वर आल्यावर प्रश्न उभा राहिला, की आता करायचं काय.

माझे यजमान शलोम यांना मुंबईतले नियम पाठ होते. "कुत्रा दहा दिवस जगला तर काही नाही. मेला तर पोटात चौदा इंजेक्शनं. तू पोटाची काळजी करू नकोस, तिथे जागा पुष्कळ आहे."

ओरली म्हणाली, "इमा, झे लो बॉम्बे." आई, ही मुंबई नाही. इथे चावा कळवावा लागतो, लष्करात त्यांना हे शिकवलं होतं, असं ती हिब्रूत सांगत राहिली. शलोम मराठीत उत्तरं देत राहिले.

कळवलं तर पालिकेचा पशुवैद्य कुत्रा घेऊन जाणार. बंड्याला लस टोचली होती का, असं मी मावशींना जाता जाता विचारलं होतं. "मागे कधीतरी टोचली," एवढंच उत्तर मिळालं. एका ताटातलं खाऊन तासाभरात त्यांच्याविरुद्ध कागद भरायचा, हे माझ्याच्याने होईना. ठरलं असं, की दहा दिवस कुत्र्यावर आपणच नजर ठेवायची. त्याची साखळी लांब होती; जिन्याबाहेर आला की आमच्या बाल्कनीतून तो दिसत असे.

बुधवारी तो दिसला. गुरुवारी दिसला, दोनदा भुंकला. शुक्रवारी सकाळी कठड्याला साखळी होती, कुत्रा नव्हता.

"आत निजलाय," मावशी दारातूनच म्हणाल्या.

शनिवारी, शब्बाथच्या म्हणजे विश्रांतीच्या दिवशी, इमारतीत शांतता होती. त्या शांततेत एकदाही भुंकणं ऐकू आलं नाही. पायाला सूज होती. रविवारी सकाळी सातला मी पुन्हा खाली गेले. या वेळी उत्तर आलं, "फिरायला गेलाय." बंड्या कधीही एकटा फिरायला जात नसे.

इथे रविवार कामाचा. मी कामावर न जाता कुपत होलिमच्या, म्हणजे आमच्या आरोग्य विमा संस्थेच्या, दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडली आणि पिवळा रंग पाहून विचारलं, "हे आयोडीन आहे का?" मी हळद सांगितली. त्यांनी साबण आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुतली. चुन्याने कडेची कातडी भाजली होती. त्या म्हणाल्या, "हे धुणं मंगळवारी घरच्या नळाखाली करायला हवं होतं. आणि जखमेत काहीही भरायचं नव्हतं." हे वाक्य मी इथे मुद्दाम देते आहे. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांनी सुरुवात इथून करावी.

त्यांनी मला अश्कलोनच्या लिश्कत हाब्रियुतमध्ये, म्हणजे जिल्हा आरोग्य कार्यालयात पाठवलं. रेबीजचे निर्णय तिथे होतात.

तिथल्या डॉक्टरांनी सगळं सावकाश सांगितलं. रेबीज हा पिसाळलेल्या जनावराच्या लाळेतून येणारा विषाणू. तो चाव्याच्या जागेपासून नसांमधून मेंदूकडे जातो. याला लागणारा काळ म्हणजे इन्क्युबेशन पिरियड. तो बहुधा काही आठवड्यांचा, कधी महिन्यांचा. एकदा लक्षणं दिसली की उपाय नाही. त्याआधी लस घेतली तर माणूस वाचतो. दहा दिवसांचा मुंबईचा हिशेब चुकीचा नव्हता. चावताना कुत्र्याच्या लाळेत विषाणू असेल, तर दहा दिवसांत कुत्रा आजारी पडतो आणि मरतो.

"पण तो पशुवैद्याच्या कोंडवाड्यात हवा, बाल्कनीखाली नाही," ते म्हणाले. "कुत्रा दिसत नाही म्हणजे तो मेला, असं धरून आम्ही चालतो."

नर्सने फॉर्म पुढे केला. दुसऱ्या ओळीत मालकाचं नाव आणि पत्ता होता. मी पेन धरून बसले. नर्स म्हणाली, "कुत्रा भटका होता, असं लिहिलंत तर पाचही इंजेक्शनं घ्यावी लागतील. खरं लिहिलंत तर कदाचित दोन." तिने मालकाच्या ओळीवर बोट ठेवलं. "आणि त्या घरात इतर कुणाला तो चाटत असेल, तर त्यांचंही आम्हाला बघायचं असतं."

बंड्या मावशींच्या हातून खात असे. मी नाव लिहिलं.

इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे तयार प्रतिकारद्रव्य. ते जखमेच्या भोवती टोचलं. हे दुखतं. लस दंडात दिली. ती दुखली नाही. पोटाचा विषय निघाला तेव्हा नर्स हसली. कार्डावर आणखी चार तारखा पडल्या: बुधवार, पुढचा रविवार, त्याच्या पुढचा रविवार आणि दोन आठवड्यांनंतरचा आणखी एक.

सोमवारी दुपारी पालिकेच्या पशुवैद्याचा फोन आला. तो हन्नामावशींकडे जाऊन आला होता.

"बाई म्हणतात, कुत्रा मेला. शुक्रवारी पुरला म्हणतात. कुठे पुरला ते सांगत नाहीत. मला तो उकरून डोकं प्रयोगशाळेत पाठवावं लागेल. तुम्ही त्यांची भाषा जाणता. जरा विचारा."

मी खाली गेले. मावशी खाटेवर बसल्या होत्या. पोह्यांचं ताट घासून पालथं घातलेलं होतं.

"माझं नाव दिलंस गो तू," त्या म्हणाल्या.

"दिलं."

"एका ताटात जेवलो आपण."

मी बाही वर करून दंड दाखवला, मग कार्ड दाखवलं. "मावशी, तो खरंच मेला असेल तर मला ही सगळी इंजेक्शनं. आणि उद्या तुम्हालाही. शेवटचे दिवस तो तुमच्या हातून जेवत होता."

"मला कशाला? मला काय झालंय?"

"मेला म्हणालात ना तुम्ही. पिसाळलेला मेला, असं धरतात ते."

"पिसाळलेला?" त्या उठून उभ्या राहिल्या. "बंड्या पिसाळलेला? सकाळीच फोनवर पाहुण्यासारखं भात-मासे खातोय म्हणून सांगितलं त्याने!"

फोनवर सांगणारा त्यांचा भाचा होता, ओफाकिम गावचा. गुरुवारी संध्याकाळी तो गाडी घेऊन आला आणि कुत्रा घेऊन गेला. मुंबईत म्युनिसिपालटीची गाडी आली की कुत्रा परत येत नसे, हे मावशींनी पाहिलं होतं. मी कागद भरणार, हे त्यांनी मंगळवारीच धरलं होतं. मी तेव्हा भरला नव्हता.

पशुवैद्याला मी त्यांच्याच फोनवरून कळवलं. त्याने सांगितलं, कुत्रा दहाव्या दिवसापर्यंत कोंडवाड्यात राहील, मग लस टोचून परत मिळेल. मी ते मराठीत सांगितलं. मावशींनी अट घातली: गाडीत त्या बसणार. त्याने आधी नाही म्हटलं, मग हो म्हटलं. मंगळवारी सकाळी पालिकेच्या गाडीत पुढच्या सीटवर बसून त्या ओफाकिमला गेल्या. मांडीवर भाताचा डबा आणि कुत्र्याची गोधडी होती. शलोम बाल्कनीतून म्हणाले, "मावशी, हात दाखवा, निवडणुकीला उभ्या आहात." त्यांनी वर पाहिलं नाही.

बुधवारी मी दुसरं इंजेक्शन घेतलं. कुत्रा जिवंत आहे, मग हे कशाला, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "आज तो जिवंत आहे. शुक्रवारी असेल का, ते शुक्रवारी कळेल." वेटिंग रूममध्ये मी चाळीस मिनिटं बसले. समोर कोल्ह्याने ओरबाडलेला एक शेतकरी होता. त्याचा प्राणी सापडणार नव्हता. त्याच्या कार्डावर पाचही तारखा कायम होत्या.

मावशी रोज दुपारी कोंडवाड्यात जात. जाताना आणि येताना त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. बंड्या खातो का, पाणी पितो का, हे मला पशुवैद्याला फोन करून विचारावं लागे. पाणी पितो का, हे मी दोनदा विचारत असे.

शुक्रवारी, चाव्यापासून दहाव्या दिवशी, सकाळी नऊला पशुवैद्याचा फोन आला. कुत्रा निरोगी आहे. लस टोचली आहे, गळ्यात परवान्याचा बिल्ला घातला आहे. लेखी कळवणं रविवारी होईल.

रविवारी मी तिसऱ्या इंजेक्शनाच्या वेळेला अश्कलोनला पोहोचले. नर्सने पशुवैद्याचा कागद वाचला, डॉक्टरांना दाखवला आणि माझ्या कार्डावरच्या उरलेल्या तीन तारखांवर आडवी रेघ मारली.

मी परतले तेव्हा दुपारचा एक वाजला होता. बंड्या घरी आला होता. त्याची साखळी जिन्याच्या कठड्यावरून काढून मागच्या खिडकीच्या गजाला बांधली होती. आमच्या दाराशी मलिद्याचं ताट ठेवलेलं होतं. त्यावर फडकं होतं, फडक्याखाली सहा सांदणं. ती अजून गरम होती.