देवकाबाईंचं उतरलेलं वजन

देवकाबाईंना चालायला लावलं ते मी. मोहगावात आमची घरं भिंतीला भिंत लागून, त्यात मी शाळेतून निवृत्त झालेली, म्हणजे दुसऱ्याला शिकवायची खोड काही सुटत नाही. त्यांचं वजन चौऱ्याऐंशी किलो, साखर वाढलेली, गुडघे कुरकुरणारे. डॉक्टर म्हणाले, वजन उतरवा, नाहीतर गुडघे जातील. मोबाइलवर चार व्हिडिओ बघून मी फर्मान काढलं: रोज पहाटे तासभर भरभर चालायचं आणि जेवण निम्म्यावर आणायचं.

बाईंना बारीक होऊन मिरवायचं नव्हतं. त्यांच्या नवऱ्याला, भैय्याजींना, दोन वर्षांपूर्वी लकवा मारला आणि डावं अंग गेलं. खाटेवरून खुर्चीवर, खुर्चीवरून न्हाणीत, दिवसातून पाच-सहा वेळा देवकाबाईच त्यांना कवेत घेऊन उठवायच्या. दुसऱ्या कोणाचा हात ते अंगाला लागू देत नसत. नागपूरला नोकरी करणारा मुलगा गजेंद्र याने एकदा आंघोळ घालायचा प्रयत्न केला, तर म्हातारा दिवसभर जेवला नाही. आपले गुडघे गेले तर यांना उठवणार कोण, एवढीच देवकाबाईंची धास्ती होती.

बाई जिद्दीच्या. पदर खोचून, पायात गजेंद्रचे जुने बूट चढवून सौंसरच्या रस्त्याने अशा सुटायच्या की मी मागे धापा टाकत राहायचे. दुपारी अर्धी भाकर, रात्री तीही नाही. तीन महिन्यांनी कापसाच्या काट्यावर उभ्या राहिल्या तर बारा किलो कमी भरले. मी गावभर सांगत सुटले, जणू ते माझंच कर्तृत्व.

मग एका सकाळी भिंतीपलीकडून हाक आली. धावत गेले, तर देवकाबाई जमिनीवर बसलेल्या आणि भैय्याजी त्यांच्या मांडीवर. उठवता उठवता त्यांच्या हातातलं बळच सरलं होतं. लागलं कोणालाच नव्हतं, पण दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते. गजेंद्रला कळलं तेव्हा तो फोनवर म्हणाला, आता बास, महिनाभरात बाबांसाठी माणूस ठेवतो. भैय्याजींनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मला माझ्या शहाणपणाचा फार राग आला.

भैय्याजींना व्यायाम द्यायला सौंसरहून प्रज्ञा नावाची फिजिओथेरपीवाली मुलगी यायची. तिने त्यांची उजवी, चांगली मांडी दाबून पाहिली. हा पाय आधी जमिनीला छान रेटायचा, आता का रेटत नाही, तिने विचारलं. जेवण काय असतं? देवकाबाई म्हणाल्या, ताटात दोन भाकरी वाढते. ते खातात की नाही हे त्यांना दिसणार कुठून? या घरात नवऱ्याचं ताट आधी, बायको मागून चुलीपाशी एकटी जेवणार. भरलेलं ताट द्यायचं, रिकामं उचलायचं, एवढंच.

भैय्याजींनी खिडकीकडे पाहिलं. मग बायकोला म्हणाले, "तुले जड होऊ नये म्हणून एकच खाऊन राहिलो. दुसरी खिडकीतून टाकतो."

खिडकीबाहेर आमची बकरी बांधलेली असते. ती इतकी टुणटुणीत कशी झाली, हे मला तेव्हा कळलं.

देवकाबाईंनी डोळ्याला पदर लावला. "अन् मी तुमच्यासाठीच उपाशी राहून राहिली," त्या म्हणाल्या.

प्रज्ञाने दोघांनाही झापलं, आणि मग मलाही. चालणं सोडायचं नाही, त्याने दम वाढतो, साखर ताब्यात राहते. पण नुसतं चालून पोट मारलं तर चरबीबरोबर ताकदही जाते. आणि ज्याच्या पायात जोर नाही तो कितीही वाळला तरी उचलणाऱ्याला जडच. म्हणून देवकाबाईंनी चार दिवस चालायचं आणि तीन दिवस ज्वारीची पिशवी छातीशी धरून खुर्चीवरून उठबस करायची, आधी पाच किलो, जमेल तशी वाढवत. भैय्याजींनी चांगला पाय रेटून उठायचा सराव करायचा. आणि दोघांनी नीट जेवायचं, वरण-उसळीसकट.

त्या दुपारी देवकाबाईंनी दोन ताटं खाटेशी आणली. चौतीस वर्षांच्या संसारात नवऱ्यासमोर पहिला घास घेताना त्या नव्या नवरीसारख्या लाजल्या. भैय्याजी मात्र स्वतःचं जेवण सोडून त्यांच्या ताटावर नजर ठेवून होते.

महिन्याने काट्यावर दीड किलो वाढलं. मी हादरले, बाई खुशाल होत्या.

ठरल्याप्रमाणे गजेंद्र रविवारी माणूस घेऊनच आला. देवकाबाईंनी त्या माणसाला अंगणात थांबवलं आणि गजेंद्रला आत नेलं. त्याच्यासमोर त्यांनी गुडघे वाकवले, भैय्याजींना कवेत घेतलं आणि हं म्हटलं. भैय्याजींनी उजवा पाय रेटला. दोघं जरा थरथरले आणि सरळ उभे राहिले.

आई, तू एकटी किती दिवस उचलशील, गजेंद्रने विचारलं. उत्तर बापाने दिलं.

"ती मले उचलून नाई राहिली. आमी दोघं उठून राहिलो."

गजेंद्रने बापासाठी खुर्ची पुढे ओढली. मग मीच अंगणात जाऊन त्या माणसाला चहा दिला आणि काम नाही म्हणून सांगितलं.